अंगणांतील ऋतुचक्र आणि कॅमेरा

वन्य प्राण्यांचें छायाचित्रण म्हटलें कीं ताडोबाचा वाघ किंवा गीरचा सिंह डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु या कलेचे पहिले धडे घोर अरण्यांत गिरविले गेले नाहींत. १८९२ सालीं लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथें रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं थ्रश जातीच्या एका पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. त्या छंदांतून १८९५ सालीं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें सचित्र पुस्तक निघालें. पुढें पोकळ बैलाच्या कातड्यांत लपूनहि त्यांनीं पक्षी टिपले. वाघाची वाट न पाहतां परसांतल्या पाहुण्यांकडे वळणाऱ्यास एवढी परंपरा पुरेशी आहे.

आपल्याकडे या छंदाचा आरंभ ग्रीष्मांत करावा. झाडाच्या सावलींत पाण्याचें उथळ मातीचें भांडें ठेवलें, तर बुलबुल, साळुंकी, चिमणी आणि खार आपण होऊन येतात. मध्यान्हीचें ऊन चित्रांतील सारे बारकावे पुसून टाकतें. सकाळचा तिरपा प्रकाश पिसापिसांचा पोत दाखवितो. कॅमेरा मात्र भांड्याच्या पातळीवर आणावा लागतो. उभ्यानें वरून घेतलेल्या चित्रांत पाठ दिसते, पक्ष्याची नजर दिसत नाहीं.

पावसाळा हा खऱ्या संपन्नतेचा काळ. प्रकाश मंद असतो. उडत्या पंखासाठीं सेकंदाचा हजारावा भाग हवा, तो मिळत नाहीं. म्हणून क्षणभर स्थिरावणारा जीव शोधावा. लिंबाच्या पानावरील फुलपाखराचें सुरवंट प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखें दिसतें, पुढें पानासारखें हिरवें होतें. एकाच फांदीचीं रोजचीं चित्रें हा वेषपालट उघड करतात. सुगरण पक्ष्याचेंहि तसेंच. मराठीनें त्याला स्त्रीचें नांव दिलें, पण विणकर असतो नर. डॉ. सलीम अली यांनीं १९३० च्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथें निरीक्षण करून दाखविलें कीं, नर घरटें अर्धें विणतो, मादी येऊन तें पारखते, आणि तिला पसंत पडलें तरच तें पुरें होतें. एकटें चित्र सुंदर असेल. ही कथा मात्र चित्रांची मालिकाच सांगूं शकते.

शरदांत परीट, म्हणजे धोबी पक्षी, उत्तरेकडून येतो आणि शेपटी हलवीत हिवाळाभर अंगणांत फिरतो. त्याच्या पहिल्या चित्राखालीं तारीख लिहिण्याची संवय ज्यानें ठेवली, त्याच्या घरीं दहा वर्षांनीं आगमनाची एक विश्वसनीय नोंदवही तयार होते. माघ-फाल्गुनांत पांगारा फुलला कीं मधासाठीं पक्ष्यांची झुंबड उडते, आणि वर्षाचें चक्र पुनः ग्रीष्माशीं येऊन ठेपतें.

या साऱ्या आनंदांत एक मोह मात्र फार घातक आहे. शिंपी पक्षी पानांच्या कडा कोळिष्टकाच्या व कापसाच्या धाग्यांनीं शिवून आंत घरटें करतो. समोरची एखादी डहाळी चित्राच्या आड येते. ती किंचित बाजूस बांधावी, फार तर छाटावी, असें मनांत येतें. पण तीच डहाळी पिलांचें छप्पर असते. ती सरली कीं ऊन-पाऊस थेट आंत शिरतो, आणि कावळ्याला व भारद्वाजाला घरट्याचा पत्ता लागतो. माणसाच्या सततच्या वावरानें आईबाप घरटें टाकूनहि जातात. सुबक चित्र हातीं येतें, आणि चित्रांतील पिलें दुसऱ्या दिवशीं नसतात.

आज कॅमेरा खिशांत आला आहे, प्रत्येक चित्राचा खर्च जवळजवळ उरलेला नाहीं. त्यामुळें हा संयम पूर्वीपेक्षां अधिक अवश्य झाला आहे. घरट्यापासून दूर, खिडकीच्या पडद्याआडून, आहे त्या प्रकाशांत जेवढें मिळेल तेवढेंच घ्यावें. डहाळीमुळें चित्र साधलें नाहीं, तर त्या जागीं वहींत केवळ तारीख लिहावी. पिलें उडून गेल्यावर तीं बहुधा त्याच अंगणांत, उघड्या फांदीवर, आईबापांकडे चारा मागत बसलेलीं दिसतात. आणि त्या वेळीं घेतलेल्या चित्राला कोणाच्याहि जिवाची किंमत द्यावी लागत नाहीं.