खेपेवरून मालक घरी येतात तेव्हा

आमच्या गटात निम्म्या जणींचे मालक ट्रकवर. पंधरा-वीस दिवसांनी खेप संपवून घरी येतात. तेव्हा निरोधचं नाव काढायचं कसं? संशय घेतल्यासारखं होतं. म्हणून आम्ही ‘पाळणा लांबवायचाय’ असं सांगून सुरुवात केली. ते पटतं!

तपासणीला मात्र दोघांनी जायचं. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती फुकट होते, नाव गुप्त राहतं. नुकतीच झालेली लागण लगेच दिसत नाही. ३ महिन्यांनी पुन्हा तपासायचं. निघालाच एचआयव्ही, तर एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घ्यायच्या, खेपेवरसुद्धा. भाकरीच्या फडक्यासोबत गोळ्यांची बाटली पिशवीत हवीच. गरोदरपणी वेळेत गोळ्या सुरू झाल्या, तर बाळाचा धोका फार कमी होतो.

दवाखान्यात विचारायला लाज वाटली, तर १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.