विमानतळाचा शेजार

परवा विलेपार्ल्याच्या पश्चिमेला एका स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि धाकट्याच्या परीक्षेविषयी काही सांगायला सुरुवात केली. वाक्य अर्ध्यावर आले आणि त्या थांबल्या. हातातली बशी तशीच. डोक्यावरून एक हेलिकॉप्टर धडधडत गेले, खिडकीची काच किंचित थरथरली, आणि आवाज समुद्राकडे विरल्यावर वहिनींनी वाक्य जिथे सोडले होते नेमके तिथून पुढे चालू केले. मी विचारले, "याचा त्रास नाही होत?" त्या म्हणाल्या, "कशाचा?"

मला त्या आवाजापेक्षा त्या 'कशाचा'ने अधिक विचारात पाडले. माणूस कशालाही सरावतो, हे खरे. पण सरावला म्हणजे त्याला काही होत नाही, असे म्हणता येईल का? विमानतळाच्या शेजारी संसार थाटलेल्या माणसांविषयी आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे, ते या प्रश्नापासूनच.

या भांडणात पहिला सवाल नेहमी एकच असतो: आधी कोण आले? जुहूच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. विमानतळ आधी आला. तिथे १९२८ साली विमाने उतरू लागली. देशातल्या नागरी विमानतळांत त्याचा मान पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, आपले छोटे विमान घेऊन उतरले ते इथेच. १९४८ साली मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहूच्या वाट्याला लहान विमाने आली, पुढे हेलिकॉप्टरे आली. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडले. त्या तेलाच्या फलाटांवर कामगारांची ने-आण करणारी हेलिकॉप्टरे जुहूहूनच उडतात.

म्हणजे वहिनींच्या घरावरून गेले ते कुणा धनिकाच्या सहलीचे वाहन असेलच असे नाही. त्यात चौदा-चौदा दिवस घर सोडून समुद्रात काम करायला निघालेली माणसेही असतील. हे ध्यानात ठेवून मगच तक्रारीकडे वळावे.

पण 'आम्ही आधी आलो' एवढ्याने विमानतळाची जबाबदारी संपत नाही. १९२८ सालच्या लाकडी-कापडी विमानाच्या शेजाराला जो राजी झाला, तो आजच्या यंत्राच्या शेजाराला राजी झाला असे कसे म्हणावे? शेजारी पेटी शिकत होता म्हणून आपण खोली घेतली, आणि पुढे त्याने तिथे पिठाची गिरणी घातली, तर 'मी आधीपासून आहे' हे त्याचे म्हणणे कुणी ऐकून घेईल?

आता आवाजाचे पाहू. आवाज मोजतात तो डेसिबलमध्ये. हे माप फसवे आहे. आकडा दहाने वाढला तर आवाजातली शक्ती दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विमानतळांच्या परिसरासाठी २०१८ साली निराळ्या मर्यादा जाहीर झाल्या. या मर्यादा सरासरीच्या असतात, आणि खरी गोम इथेच आहे. दिवसभरातून पंचवीस वेळा कुणी तुमच्या कानाशी थाळी वाजवली आणि उरलेला वेळ शांतता राहिली, तर सरासरी अगदी सभ्य निघेल. पण झोपलेले मूल सरासरीने दचकत नाही. ते पंचविसांतल्या एका थाळीने दचकते. म्हणून लहान विमानतळांचा हिशेब केवळ सरासरीने करू नये. प्रत्येक उड्डाणाचा आवाज वेगळा नोंदवावा लागतो. शिवाय हेलिकॉप्टरचा आवाज जाडा असतो. बंद खिडकी बारीक आवाज अडवते, जाड्या आवाजापुढे तिचे फारसे चालत नाही.

'सवय होते' या म्हणण्याचीही परीक्षा झालेली आहे, आणि ती मुलांच्या वर्गात झाली. लंडन, अॅमस्टरडॅम आणि माद्रिद इथल्या मोठ्या विमानतळांजवळच्या शाळांतली नऊ-दहा वर्षांची अडीच हजारांवर मुले तपासली गेली. ते निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. विमानांचा आवाज जितका जास्त, तितकी वाचलेले समजण्याची शक्ती कमी, असे दिसून आले. इंग्लंडमधल्या मुलांत आवाज पाच डेसिबलने वाढला की वाचनाची प्रगती सुमारे दोन महिने मागे पडत होती.

याहून बोलका दाखला जर्मनीतल्या म्युनिक शहराचा आहे. तिथला जुना विमानतळ १९९२ साली बंद झाला आणि त्याच सुमारास दुसऱ्या ठिकाणी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा आधीही घेतली आणि नंतरही. जुन्या विमानतळाजवळची मुले वाचनात आणि आठवणीत मागे होती. तो बंद झाल्यावर ती सुधारली. आणि नव्या विमानतळाजवळची मुले, जी आधी ठीक होती, ती मागे पडली. शाळा त्याच, मुले तीच. फक्त आकाश बदलले. यात काळजी आहे तसा दिलासाही आहे. झालेले नुकसान भरून येते, पण त्यासाठी आवाज कमी व्हावा लागतो.

वहिनींचे वाक्य हेलिकॉप्टरने तोडले तर त्या जोडून घेतात. चौथीच्या वर्गात गुरुजींचे वाक्य तुटले तर ते कोण जोडणार?

दुसरी गोष्ट धुराची. इथे सरसकट बोलून चालत नाही. मोठी विमाने आणि बहुतेक हेलिकॉप्टरे केरोसीनच्या जातीच्या इंधनावर चालतात. त्यात शिसे नसते, पण त्याच्या ज्वलनातून अतिशय सूक्ष्म कण बाहेर पडतात. शिकाऊ वैमानिकांची लहान, पंख्याची विमाने मात्र पेट्रोलवर चालतात, आणि त्या विशेष पेट्रोलमध्ये आजही बहुतेक ठिकाणी शिसे मिसळतात, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. आपल्याकडे मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० साली गेले. रस्त्यावरून हद्दपार झालेला पाहुणा आकाशात अजून ठाण मांडून आहे. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते, आणि अमुक इतके चालेल अशी निर्धोक मात्रा ठरलेलीच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा इंधनाचा धूर आरोग्याला धोकादायक असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्याने त्याचीही वाट पाहिली नाही. तिथल्या एका लहान विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आढळले, तेव्हा परगण्याने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०२२ च्या आरंभापासून बंद केली.

तिसरी गोष्ट जिवाची. जुहू आणि सांताक्रूझ यांच्या धावपट्ट्या एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरवर आणि दिशेनेही जवळपास सारख्या. त्यामुळे जुलै १९५३ मध्ये एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानच्या एका मोठ्या जेट विमानाने तीच चूक केली आणि ते पट्टीच्या पलीकडे गेले. सुदैवाने दोन्ही वेळा कुणी दगावले नाही.

सुदैव प्रत्येक वेळी साथ देत नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक लहान विमान घाटकोपरच्या भर वस्तीत, बांधकाम चाललेल्या इमारतीजवळ कोसळले. विमानातले चौघे गेले, आणि रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत घडले ते तर तुम्हां सर्वांच्या मनात ताजे असेल. तो विमानतळ मोठा, विमानही मोठे. पण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले, तेव्हा २४१ प्रवासी व कर्मचाऱ्यांबरोबर जमिनीवरची १९ माणसेही गेली. त्यांनी कुठले तिकीट काढले होते? ती जेवायला बसली होती, आपल्या कामात होती. विमानाला सर्वांत अधिक धोका चढताना आणि उतरताना असतो, आणि नेमके तेव्हाच ते शेजाऱ्यांच्या छपरावर असते. म्हणून शेजाऱ्याला सुरक्षिततेविषयी विचारण्याचा हक्क प्रवाशाइतकाच आहे.

मात्र इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणे, जनावरे कापणे याला १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली आहे. कारण साधे आहे. कचऱ्यावर घारी येतात, आणि घार यंत्रात शिरली की विमान संकटात येते. आपण मात्र मासळीची घाण पुड्यात बांधून नाल्याच्या कडेला टाकतो आणि संध्याकाळी विमानाच्या आवाजाविरुद्ध अर्ज लिहायला बसतो! उंचीची मर्यादा ओलांडून एखादा मजला चढवणारा बिल्डर आणि तो मजला थोडा स्वस्त पडतो म्हणून घेणारे आपण, या दोघांनी मिळून वैमानिकाची वाट अरुंद केलेली असते. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

मग यातून वाट काय? कॅलिफोर्नियातल्याच सांता मोनिका शहराची कथा ऐकण्यासारखी आहे. तिथे डग्लस कंपनीचा विमानांचा कारखाना होता आणि कामगारांची घरे विमानतळाच्या कुंपणापर्यंत आली होती. कारखाना गेला, जेट विमाने आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, वाऱ्याच्या दिशेला शंभर मीटरवर सूक्ष्म कण नेहमीच्या दहापट भरले आणि ६६० मीटरवरही अडीचपट होते. नगरपालिकेने १९७५ साली जेटवर सरसकट बंदी घातली होती, ती न्यायालयाने १९७९ मध्ये उडवली. पण रात्रीच्या उड्डाणांवरचे निर्बंध आणि प्रत्येक उड्डाणाच्या आवाजाची मर्यादा न्यायालयाने राहू दिली. भांडण अनेक वर्षे चालले. अखेर २०१७ साली शहर आणि विमान खाते यांच्यात तडजोड झाली. त्याच डिसेंबरात जवळजवळ पाच हजार फुटांची धावपट्टी साडेतीन हजार फुटांवर आणली, त्यामुळे जेट विमानांची ये-जा बरीच घटली. आणि २०२८ च्या अखेरीनंतर विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली.

जुहूलाही टाळे लावा, असे मी म्हणणार नाही. भर समुद्रातून रोग्याला किंवा जखमी कामगाराला घेऊन येणारे हेलिकॉप्टर कुठेतरी उतरलेच पाहिजे, आणि पूर आला की वरून येणाऱ्या मदतीकडे आपणच डोळे लावून बसतो. पण सांता मोनिकाच्या लोकांनी जे साधले त्यातले पुष्कळसे टाळे न लावताही साधता येते. त्यांनी 'फार त्रास होतो' एवढेच म्हटले नाही. किती वाजता, किती आवाज, कोणत्या दिशेने, हे मोजले आणि कागदावर मांडले.

आपणही तेच मागावे. प्रत्येक उड्डाणाचा आवाज नोंदला जावा आणि ती नोंद शेजाऱ्यांना पाहता यावी. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा जिथे वारा आणि सुरक्षितता परवानगी देतील तिथे वाट समुद्रावरूनच असावी. यंत्रे तपासण्यासाठी ती जमिनीवर तासन्तास चालवणे शाळेच्या वेळेत आणि रात्री नको. चाचणीची उड्डाणे दाट वस्तीवरून नकोत. बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले की लहान विमानांना ते सक्तीचे व्हावे. धावपट्टीच्या समोर येणाऱ्या शाळांना आवाज अडवणाऱ्या जाड खिडक्या मिळाव्यात, आणि तो खर्च मुलांच्या पालकांवर पडू नये. याच्या बदल्यात आपण कचरा आवरावा, उंचीचा नियम पाळावा, आणि नवे घर घेताना एकदा तरी सकाळी, दुपारी आणि रात्री गच्चीवर उभे राहून वर पाहावे.

राज्यात जिथे जिथे नवी धावपट्टी होते आहे, त्या गावांना तर ही संधी आहे. आज तिथे शेते आहेत. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना शाळा, इस्पितळ आणि दाट वस्ती येऊ द्यायची नाही, एवढे आज नकाशावर ठरले, तर वीस वर्षांनी कुणाला न्यायालयात जावे लागणार नाही.

मी निघालो तेव्हा वहिनींचा धाकटा मागच्या खोलीत मोठ्याने पाठ वाचत होता. तेवढ्यात पुन्हा एक यंत्र घरावरून गेले. त्याचा आवाज थांबला. मी पायऱ्यांवर उभा राहिलो. आवाज गेला, आणि धाकट्याने वाचायला सुरुवात केली. पण वहिनींसारखे त्याला नेमके तुटल्या जागेवरून उचलता आले नाही. त्याने तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.