कला आणि शास्त्र यांचे नाते
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : ‘कोणती शाखा?’ गुण उत्तम असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर वाणिज्य, आणि कोठेच जमले नाही तर कला! ही उतरंड आता आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या विचारातही शिरली आहे. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजले आहे.

कला आणि शास्त्र परस्परविरोधी आहेत, या समजाची परीक्षा एका परिचित वाद्यावर करून पाहू. तंबोऱ्याची तार छेडली असता मूळ स्वरासह त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उमटतात. म्हणून तिचा नाद निश्चित व गोड वाटतो. ताणलेल्या साध्या चामड्याचे उपस्वर असे प्रमाणात बसत नाहीत. म्हणून साध्या ढोलाचा स्वर नेमका सांगता येत नाही. मग तबला स्वरात कसा मिळतो? ते रहस्य त्याच्या शाईत आहे. लोहचूर्ण आणि खळ यांच्या मिश्रणाचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून कारागीर ती बसवितो. त्या भारामुळे चामड्याची कंपने बदलतात आणि उपस्वर पूर्णांकी प्रमाणाच्या निकट येतात.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांचा हा विशेष जगापुढे मांडला. पुढे १९३० साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाल्यावरही त्यांनी मृदंगाचा अभ्यास सोडला नाही. चामड्यावर बारीक वाळू पसरून, तिच्या आकृत्यांवरून त्यांनी कंपनांचे प्रकार ओळखले. कारागिराला गणित ठाऊक नव्हते. त्याचा कान तयार होता. रामन यांनी त्या कानाची थोरवी ओळखली. प्रश्न कलेने घातला, उत्तर शास्त्राने शोधले.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच भूमीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ हा गणितग्रंथ पद्यात रचला. त्यातील उदाहरणांत भुंगे आहेत, हंस आहेत, कमळे आहेत. शुष्क वाटणारे गणित वृत्तात बांधल्याने मुखोद्गत झाले, मनात रुजले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. आणि आपल्या काळात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराष्ट्राने त्यांनाच दिले.

पोटाचा प्रश्न खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. मुलाला नोकरी लागावी ही आईबापांची काळजी रास्तच आहे. परंतु दहावीचे वर्ष उजाडताच पेटी, तबला आणि रंगपेटी माळ्यावर टाकल्याने ती काळजी मिटते काय? ज्याचा कान, डोळा आणि हात तयार झाला, तो प्रयोगशाळेतही अधिक बारकाईने पाहील. तसेच इतिहास वा भाषा शिकणाऱ्यास मोजण्याची व पडताळण्याची सवय लागली, तर त्याचे लेखन अधिक विश्वसनीय होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला व विज्ञान यांत ताठर भिंत नसावी असेच म्हटले आहे. शासनाने कागदावर पाडलेली भिंत आपण घरात का राखावी?

म्हणून कार्यकारी मंडळास आमची दोन विनम्र मागणी आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज पाहताना शाखा न पाहता विद्यार्थ्याची योग्यता व गरज पाहावी; आणि कला शाखेच्या मुलामुलींना ‘पुढे काय करणार?’ असे विचारून संकोचात टाकू नये. पालकांस इतकेच सांगणे, की ज्या विद्येत आपल्या पाल्याचे मन रमते, तिला हलकी म्हणू नका. आपल्या ज्ञातीत उत्तम वैद्य, अभियंते निपजोत. तद्वत उत्तम गायक, चित्रकार आणि इतिहासकारही निपजोत, आणि ते एकमेकांच्या विद्येचा आदर करणारे असोत.