मातीच्या जवानाचा गणवेश



दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करण्याची चाल पुण्याकडे जितकी रूढ आहे, तितकी आमच्या नांदेड-लातुराकडे नसेल. तथापि येथील मुलें कंधार, औसा, उदगीर हे खरे किल्ले पाहून आलेलीं असतात, आणि सुटींत विटामातीचा एखादा बुरूज रचल्यावांचून त्यांना चैन पडत नाहीं. त्या बुरुजावर मावळ्याच्या शेजारीं आतां भारतीय सेनेचा जवानही उभा राहूं लागला आहे. मावळा रंगविणें सोपें. पागोटें, अंगरखा, शेला, प्रत्येकाचा रंग निराळा. जवानाच्या अंगावर मात्र, लष्करांत ज्याला कॅमोफ्लाज म्हणतात, तो हिरव्या-तपकिरी चट्ट्यांचा गणवेश असतो, आणि तेथें चांगले चांगले हात अडखळतात. रेडिओवर रंग दाखवितां येत नाहींत; शब्दांवरच भागविलें पाहिजे.

या कपड्याचा हेतूच मुळीं माणूस दिसूं नये हा आहे. खांदा कोठें संपला आणि झुडूप कोठें सुरू झालें, हें शत्रूच्या डोळ्याला कळूं नये म्हणून चट्टे आकृतीची कड मोडतात. आपण बाहुली करतों ती मात्र पाहण्यासाठीं. कापडाची नक्कल जितकी हुबेहूब, तितका आंतला माणूस नाहींसा होतो, आणि हातीं उरतो तो शेवाळलेला दगड. ज्या घरचा मुलगा सैन्यांत आहे, त्या घरीं अशी बाहुली नेऊन पाहा. तेथें चट्टे कोणी मोजीत नाहीं. खांदे कसे आहेत, उभें राहण्याची ढब कशी आहे, हें आधीं पाहतात.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. १८४६ सालीं पेशावर येथें लम्सडेननें उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीपासून खाकी कपडा रूढ होत गेला. ‘खाक’ म्हणजे धूळ, हें उर्दूच्या सहवासांत वाढलेल्या मराठवाड्याला सांगावयास नको. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, फ्रेंच सैन्यानें चित्रकारांचें एक पथकच या कामासाठीं उभें केलें. ब्रह्मदेशांत १९४४-४५ मध्यें लढलेल्या आपल्या शिपायांचे कपडे एकरंगी हिरवेच होते. आणि १५ जानेवारी २०२२ रोजीं, सेनादिनाच्या संचलनांत, पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीनें बारीक चौकोनी ठिपक्यांचा नवा गणवेश प्रथम मिरविला.

या शास्त्रांतील एक मर्म आपल्या कामाचें आहे. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकारानें १८९६ सालीं असें दाखविलें कीं, पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकें असतें. ऊन वरून पडतें, पाठ उजळते, पोटाखालीं सावली येते. अंगचा रंग याच्या नेमका उलट असल्यामुळें दोहोंची फिटंफाट होते आणि प्राणी सपाट भासतो. आपल्या ज्वारीच्या रानांत काळविटाची मादी उभी असली, तर ती हलेपर्यंत दिसत नाहीं, त्याचें एक कारण हेंच. बाहुली रंगविणारानें थेयरचा नियम उलटा चालवावा. पांच सेंटिमीटर उंचीच्या बाहुलीवर, म्हणजे १/३५ मापावर, कापडाची चुणी अर्ध्या मिलिमीटरची होते. खोलींतला उजेड तिची सावली पाडूं शकत नाहीं. ती सावली आपणच रंगानें घालावयाची.

क्रम असा ठेवावा. आधीं करड्या रंगाचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर मुख्य हिरवा, मग चट्टे. खरा चट्टा वीतभर असला, तर बाहुलीवर तो सुमारें सहा मिलिमीटरचा. बहुतेकांचे चट्टे याहून फार मोठे होतात. रंग खऱ्या कापडापेक्षां किंचित् फिके घ्यावे, कारण लांबून पाहिलेला रंग फिकाच दिसतो. एक गोष्ट शिंप्याकडून शिकण्यासारखी आहे. कापड छापल्यानंतर बेतलें जातें. म्हणून खिशावरचा चट्टा अंगावरच्या चट्ट्याशीं जुळत नाहीं. खिशाच्या शिवणीवर नक्षी तोडली, कीं खिसा आपोआप दिसूं लागतो. नव्या गणवेशाचे चौकोन एकेक काढण्याचा हट्ट मात्र धरूं नये; चट्ट्यांच्या कडा दांतेरी केल्या म्हणजे पुरे.

त्यानंतर गडद तपकिरी रंग पुष्कळ पातळ करून चुण्यांत सोडावा. काळा नको, काळ्यानें कपडा मळका दिसतो. हा एकच रंग सर्व चट्ट्यांखालून वाहत गेल्यानें ते एका कापडाचे वाटतात.

आतां उजळ रेषा. येथेंच घात होतो. सर्व अंगावर एकच फिका रंग ओढला, तर नक्षी पिठांत बुडते. मातीच्या ओबडधोबड मावळ्याला कोरड्या कुंचल्याचा असा हात चालतो, शोभतोही. बारीक घडणीच्या जवानाला नाहीं. प्रत्येक चट्ट्याला त्याचाच फिका भाऊ द्यावा. हिरव्यांत थोडा पिवळा, तपकिरींत गेरू किंवा अंगवर्ण, काळ्यांत मातकट करडा. पांढरा शक्यतों टाळावा, त्यानें खडू फासल्यासारखें होतें. आणि ही रेषा केवळ खांदा, कोपर, गुडघा व चुणीची वरची कड एवढ्याच ठिकाणीं; चट्टा बदलला कीं रेषेचा रंग बदलावा, रेषा मात्र तुटूं देऊं नये. चट्टे आकृति मोडीत जातात, ही अखंड रेषा ती सांधीत जाते.

शेवटीं चकाकी नसलेलें व्हार्निश द्यावें, कारण सुती कापड चमकत नाहीं. जवान आपल्याकडच्या काळ्या मातींत उभा करावयाचा असेल, तर तीच माती चाळून, गोंदांत कालवून पायाखालीं पसरावी आणि बुटांना व पायघोळाच्या खालच्या कडेलाही लावावी. तिचा रंग ओलेपणीं ठरवूं नये. आमची काळी माती वाळली म्हणजे करडी पडते.