जीवनसत्त्वांची निवड : रुग्णागणिक विवेक



बीड, परळी, माजलगाव किंवा आष्टीच्या पेठेतील औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून सर्रास मागितली जाणारी वस्तू म्हणजे 'ताकदीची बाटली'. ती घरात आली की आजोबांपासून गर्भवती सुनेपर्यंत सर्वांना त्याच बाटलीतून दोन-दोन चमचे मिळतात. हेतू मायेचा असतो. परंतु जीवनसत्त्व म्हणजे ताकद नव्हे. शरीरात जे उणे आहे ते भरून काढणे, एवढेच त्याचे कार्य. जेथे उणीव नाही तेथे त्याचा फारसा लाभ नाही, आणि उणीव एकाची असता दुसरेच दिले तर आजार झाकला जातो.

या सत्याचा एक मोठा धडा महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळाला. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधक मुंबईस आल्या. गिरणी कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. अन्य एका पांडुरोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना उपयोगी पडला नाही. यीस्टचा साधा अर्क मात्र उपयोगी पडला. 1931 साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. यकृताच्या अर्कातील द्रव्य होते बी-12, आणि ते 1948 साली वेगळे काढण्यात आले. दोन्ही पांडुरोगांत रक्तपेशी सारख्याच मोठ्या दिसत. उणीव मात्र वेगळी होती.

शाकाहारी समाजाची अवस्था नेमकी याच्या उलट आहे. डाळी व पालेभाज्यांमुळे फॉलिक ॲसिड बऱ्यापैकी मिळते. बी-12 मात्र वनस्पतीत नसतेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-12 कमी आढळले, आणि शाकाहारी पुरुषांत हा धोका चौपटीहून अधिक होता.

खरा धोका येथेच आहे. बी-12 ची उणीव असलेल्या व्यक्तीने केवळ फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा घेतली तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, चेहऱ्यावर लाली येते, घरचे समाधान पावतात. पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे वयाच्या माथी मारली जातात. उपचारास फार विलंब झाल्यास ही हानी पूर्णतः भरून येत नाही. म्हणून बाटलीवरील घटकांत बी-12 आहे काय व किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रौढाला दिवसाला साधारण 2 ते अडीच मायक्रोग्रॅम बी-12 लागते, आणि पेलाभर दुधात ते सुमारे 1 मायक्रोग्रॅम असते. जो केवळ चहापुरते दूध घेतो, त्याची गरज भागत नाही. आयंबिल ओळीचे नऊ दिवस दूध-दही वर्ज्य असते. तथापि यकृतातील साठा दीर्घकाळ पुरत असल्याने तेवढ्याने उणीव होत नाही. वर्षानुवर्षे दूध अल्प घेणाऱ्यांनी आणि दीर्घ तप करणाऱ्यांनी मात्र तपापूर्वी रक्त तपासून घ्यावे. यात व्रताचा दोष नाही; व्रत निर्विघ्न पार पडावे यासाठीची ती पूर्वतयारी आहे.

आता रुग्णागणिक विचार. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे, तसेच आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-12 कमी होऊ शकते. गर्भवतीसाठी शासकीय कार्यक्रमात 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिले जाते; परंतु 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा गर्भास घातक ठरू शकते. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर असावे. हृदयाची झडप बदललेल्या व वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाने 'के' जीवनसत्त्व असलेली गोळी परस्पर सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या शरीरात 'अ' जीवनसत्त्व साचते. वृद्धास लोहाची उणीव निघाली, तर टॉनिकपूर्वी रक्त कोठून जाते याचा शोध घ्यावा.

'ड' जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. बीडसारख्या उन्हाच्या जिल्ह्यातही दिवसभर पेढीवर वा घरात राहणाऱ्यांना त्याची उणीव असू शकते. पण मात्रा तपासणीनंतरच ठरावी.

या जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींचा विचारही येथे व्हावा. बीडमध्ये तीन वर्षांत 4,605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याची माहिती 2019 साली विधिमंडळात देण्यात आली. ज्यांची बीजाशयेही काढली गेली असतील, त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा स्त्रीला केवळ लोहाची बाटली पुरेशी नाही. तिच्यासाठी कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व व वैद्यकीय देखरेख यांचा विचार झाला पाहिजे.

श्रावकांच्या मनातील आणखी एक प्रश्न म्हणजे औषधाचे मूळ. अनेक कॅप्सूलांचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते. 'ड-3' बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून, तर 'ड-2' यीस्ट किंवा अळंबीपासून तयार होते. बी-12 जीवाणूंच्या किण्वनातून मिळते. खाद्यपूरक उत्पादनावर हिरवे चिन्ह पाहावे, औषधाबाबत विक्रेत्यास विचारावे आणि निर्णय आपापल्या नियमानुसार घ्यावा. गोळी, द्रव व इंजेक्शन असे पर्याय असल्याने नियम आणि उपचार यांचा मेळ बहुधा घालता येतो.

आरोग्य शिबिरात सर्वांना एकसारखी बाटली वाटणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते. परंतु त्याच निधीतून हिमोग्लोबिन व बी-12 ची तपासणी झाली, चालू औषधांची यादी पाहिली गेली आणि गरजूला योग्य तेच मिळाले, तर ते दान अधिक सार्थ ठरेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात पन्नास वर्षांच्या सेवेला या विवेकाची जोड लाभावी, हीच मंगल कामना.

जय जिनेन्द्र!