पाणी घरापासून दूर वळवा

भिंतीला खालून ओल चढली की आपण पोपडे खरवडून नवा रंग देतो. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा हजर! कारण पाणी बाहेरच्या मातीतून येत असतं.

पायासाठी खणलेल्या जागेतली भरावाची माती काही वर्षांत खाली बसते. जोत्याला लागून खोलगट भाग तयार होतो, त्यात पागोळ्यांचं पाणी साचतं आणि पायात मुरतं. तळघर असेल तर हे पाणी भिंतीतून आत झिरपतं. कोकणातला जांभा सच्छिद्र, तो पाणी शोषतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. मला याचीच जास्त काळजी वाटते. ओल वाळते, तडा आपोआप भरत नाही.

म्हणून मे महिन्यातच जमिनीला उतार द्या. घरापासून 10 फुटांत निदान 6 इंच. भरावाला वाळू नको, तिच्यातून पाणी थेट खाली जातं. काळी मातीही नको. चिकण अंश असलेला मुरूम पातळ थरांत पसरा, प्रत्येक थर हलका भिजवून धुम्मसानं ठोका. मात्र माती जोत्यावरच्या ओलरोधक थरापेक्षा 6 इंच तरी खालीच राहू द्या, नाहीतर ओल आणि वाळवी दोघींना वाट मिळते.

गच्चीच्या पाइपचं तोंडही भिंतीपासून लांब न्या. उतार शेजाऱ्यांकडे जात असेल, तर मध्ये उथळ चर काढून पाणी गटाराकडे वळवा.