जुनी काचेची टाकी : पाणी भरण्याआधी



मासे पाळायची हौस आली तशी जाते, टाकी मात्र मागे उरते. मग ती माळ्यावर चढते, जिन्याखाली जाते, नाहीतर मामाकडून भाच्याकडे आणि भाच्याकडून शेजाऱ्यांकडे फिरत राहते. फुकट मिळालेली वस्तू पारखून घ्यायची आपल्याला सवय नसते. आणलेली टाकी धुतली, वाळू पसरली, पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले, असाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. या धुण्याच्या आणि भरण्याच्या मध्ये काय करायचं, ते आज सांगतो.

आधी पाण्याच्या जोराचा अंदाज घेऊ. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आपल्या घरांत बरीच दिसते. काठोकाठ भरली तर तीत सुमारे १२७ लिटर पाणी मावतं, म्हणजे १२७ किलो वजन. हे वजन तळावर येतं. शिवाय समोरच्या काचेला पाणी बाहेर ढकलत असतं, तो जोर ९५ किलोंच्या आसपास असतो. टाकीची रुंदी एक फूट असो की दोन फूट, हा आकडा बदलत नाही. तो पाण्याच्या खोलीवर ठरतो. उंची दीडऐवजी दोन फूट केली की तोच जोर १७० किलोंच्या घरात जातो. म्हणून लांबलचक पण बुटक्या जुन्या टाकीची मला फारशी काळजी वाटत नाही. पातळ काचेची उंच टाकी दिसली की मात्र मी आधी मोजपट्टी काढतो. काचेची जाडी वरच्या कडेवर मोजता येते. दीड फूट उंचीला आठ मिलिमीटर काच आणि वरच्या कडांवर आडव्या पट्ट्या असतील तर निर्धास्त राहा. सहा मिलिमीटर असेल तर पट्ट्या हव्यातच. चार मिलिमीटर असेल तर त्या टाकीत पाणी भरू नका.

टाकी कुठल्या काळातली आहे तेही पाहा. सिलिकॉन येण्याआधी लोखंडी अँगलची चौकट करून तीत काचा लांबीने बसवत. आजोबांच्या काळातली अशी टाकी अजून एखाद्या वाड्यात निघते. तिची लांबी वर्षानुवर्षं कोरडी राहून दगडासारखी झालेली असते, आणि पाणी भरताच ती ठिकठिकाणी पाझरू लागते. त्या लांबीत शेंदूर असू शकतो, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. अशी टाकी शोभेची म्हणून ठेवा, तीत मासे सोडू नका. यापुढे मी सिलिकॉनने जोडलेल्या टाक्यांबद्दलच बोलणार आहे.

टाकी आधी स्वच्छ आणि कोरडी हवी. साबण लावू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर व्हिनेगरने निघतात. पण ते काढण्याआधी बाहेरच्या बाजूने नीट पाहून घ्या. सांध्याखाली पांढरी रेघ खाली ओघळलेली दिसली, तर तिथून टाकी कधीतरी गळत होती. पाणी उडून गेलं, क्षार राहिले. कधी कधी या क्षारांनीच ती फट बुजवलेली असते, आणि आपण हौसेने घासून पुसून टाकी चकचकीत केली की ती गळायला लागते. लोक म्हणतात, ‘काल तर बरी होती.’ बरी नव्हतीच, क्षारांनी झाकून ठेवली होती.

आता काच. मधला ओरखडा दिसायला वाईट असला तरी तो नखाला जाणवत नसेल तर सोडून द्या. काचेचं मर्म कडांना असतं. कापसाचा बोळा घेऊन सगळ्या कडांवरून आणि कोपऱ्यांवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे टवका उडालेला असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. बोट फिरवू नका, बोटाला ते सापडेल पण रक्तासकट. वरच्या मोकळ्या कडेवरचा नखाएवढा टवका बहुधा निभावून जातो. तळाच्या कोपऱ्यातला, सांध्याखाली शिरलेला टवका मात्र टाकी बाद करायला पुरेसा आहे. आणि तडा गेलेला असेल, मग तो केसाएवढा का असेना, तर त्यावर सिलिकॉन फासून वेळ मारून नेऊ नका. सतत ताणाखाली असलेल्या ओल्या काचेत तडा फार सावकाश पुढे सरकत असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘इतकी वर्षं टिकली, आता काय होणार’ हा युक्तिवाद काचेपुढे चालत नाही. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातलं ‘ॲक्वाडोम’ हे अवाढव्य मत्स्यालय फुटलं आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी बाहेर आलं. ती टाकी ॲक्रिलिकची होती, काचेची नव्हे. पण तज्ज्ञांनी तुकडे तपासूनही त्यामागचं कारण त्यांना खात्रीने सांगता आलं नाही.

खरं लक्ष द्यायचं ते सांध्याकडे. टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. एक, काच आणि काच यांच्या मध्ये दबलेला पातळ थर. टाकी उभी असते ती याच्या जिवावर. दुसरं, आतल्या कोपऱ्यात बोटाने फिरवलेली गोलसर पट्टी. ही पट्टी आतल्या थराला सांभाळते. टाकी घासताना ब्लेड लागून फाटते ती हीच, आणि माळ्यावर उंदीर कुरतडतात तेही हिलाच. पट्टी फाटली म्हणजे सगळं संपलं असं नाही. आतला थर कसा आहे ते पाहायचं.

त्यासाठी खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बाहेरून सांध्याला तिरका लावा. चांगला सांधा एकसारखा, पारदर्शक दिसतो. एखाददुसरा टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा टाकी बनवतानाचाच असतो, त्याला घाबरू नका. पण आतल्या बाजूने सुरू होऊन थरात शिरणारी चंदेरी किंवा पांढुरकी जीभ दिसली, तर तिथे सिलिकॉनने काच सोडली आहे. हिरवी रेघ तर त्याहून स्पष्ट बोलते. शेवाळ वाढायला पाणी लागतं, म्हणजे पाणी त्या थरात पोहोचलं होतं. ही रेघ थराच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेली असेल तर मी टाकी घेत नाही. सिलिकॉन काळं असेल तर यातलं काहीच दिसत नाही. मग पट्टीची कड नखाने हलकेच उचलून पाहायची. ताजं, घट्ट सिलिकॉन नखाला दाद देत नाही. सोललेल्या पापुद्र्यासारखं ते उचलून येऊ लागलं तर सांधा सुटत आहे.

वरच्या कडांवरच्या आडव्या पट्ट्या आणि मधला पूल काही लोक ‘हात घालायला अडचण होते’ म्हणून काढून टाकतात. टाकीवर अशा काढलेल्या पट्टीच्या खुणा दिसल्या तर ती पट्टी परत बसवल्याशिवाय पाणी भरू नका.

टाकी आता ठेवायची कुठे? पाणी, काच आणि वाळू धरून आपल्या तीन फुटी टाकीचं वजन १७० किलोंवर जातं. जेवणाच्या टेबलाला किंवा टीव्हीच्या कपाटाला ते पेलायला सांगू नका. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी आपलं भारतीय मानक, आयएस ८७५, दर चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार धरतं. तीन फुटी टाकी भिंतीलगत ठेवली तर चालते. चार-पाच फुटी टाकी जुन्या चाळीत किंवा लोखंडी तुळयांच्या इमारतीत ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. आणि गॅलरीत कुठलीच मोठी टाकी नको. स्टँडवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पाहा. सपाट काचेच्या तळाखाली अर्धा इंच थर्माकोल घाला, म्हणजे वाळूचा एखादा खडाही तळाला टोचणार नाही. टाकीला खालून प्लास्टिकची चौकट असेल आणि तळ अधांतरी असेल, तर मात्र थर्माकोल घालू नका, तिथे भार चौकटीनेच घ्यायचा असतो.

मग पाण्याची परीक्षा. ही घरात करू नका. अंगणात किंवा तळमजल्याच्या सपाट फरशीवर करा, आणि टाकीभोवती वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा. पाणी भरण्याआधी समोरच्या आणि मागच्या काचेमधलं अंतर वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर मोजून लिहून ठेवा. एक चतुर्थांश भरा, दोन-तीन तास थांबा. अर्धी भरा, रात्रभर राहू द्या. मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला टिश्यूपेपर सांध्यावरून फिरवा आणि ते अंतर पुन्हा मोजा. एखाद-दोन मिलिमीटर वाढतंच. पण ते चार-पाच मिलिमीटरवर गेलं किंवा पाणी न वाढवताही रोज वाढत राहिलं, तर टाकी रिकामी करा. पूर्ण भरल्यावर आठवडाभर तशीच ठेवा. मे महिन्यात पाणी आपोआपही कमी होतं, तेव्हा शेजारी एक बादली भरून ठेवा आणि दोन्हींवर पातळीची खूण करा. बादलीपेक्षा टाकीतलं पाणी जास्त उतरलं तर ती गळते आहे, मग कागद कोरडे का असेनात.

पाणी असलेली टाकी कधीही उचलू नका, तळाला चार बोटं पाणी असलं तरी. चांगल्या टाक्यांचे सांधे असे उचलतानाच पिळवटून सुटलेले मी सर्वांत जास्त पाहिले आहेत.

गळती निघाली तर? आतली पट्टी एवढंच बिघडलं असेल तर ती घरी बदलता येते. पण जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून गळणाऱ्या जागेवर नुसतं लेपून चालत नाही. आतली सगळी पट्टी ब्लेडने खरवडा, काच ॲसिटोनने पुसा, आणि मगच नवी ओढा. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच घ्या. न्हाणीघरासाठीच्या ट्यूबमधलं औषध माशांना मारतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पाणी घालू नका. दोन काचांमधला थर सुटला असेल तर मात्र टाकी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडावी लागते. त्याची मजुरी आणि नव्या टाकीची किंमत यांत तीन फुटांपर्यंत फारसा फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर तिथे नवीच घ्या.

शेवटी एक विनंती. परीक्षेत नापास झालेली टाकी ‘थोडीशीच गळते’ असं सांगून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. तिच्या काचेवर मार्करने ठळक लिहा, ‘गळते, पाणी भरू नये’, आणि मगच ती भंगारवाल्याला द्या.